तोंड बंद, भुवया चालू

अंधेरी स्टेशनबाहेरचा रिक्षावाला तोंडाने नकार कधीच देत नाही. तुम्ही ‘चार बंगला?’ विचारता, तो तुमच्या डोक्यावरच्या होर्डिंगकडे बघत मनगट एकदाच फिरवतो आणि चर्चा संपते. लोकलमध्ये दोन बोटांनी ‘जरा सरका’ म्हटलं की तीन माणसांच्या बाकावर चौथी सीट निर्माण होते. दाराशी उभ्या असलेल्याच्या खांद्यावर टिचकी मारून हनुवटी उडवली, की ‘बोरिवलीला उतरणार का?’ असं विचारून होतं. चहाच्या टपरीला रस्त्याच्या पलीकडून दोन बोटं दाखवायची, मग एका बोटाने दुसरं बोट मधोमध कापायचं, की दोन कटिंग तयार. घर सोडल्यापासून कचेरीत पोचेपर्यंत उपनगरी माणूस जेवढं हातांनी बोलतो तेवढं तोंडाने बोलत नाही. तोंड त्याला मोबाइलसाठी राखून ठेवावं लागतं.

म्हणूनच मी भारतीय सांकेतिक भाषेच्या वर्गात नाव घातलं तेव्हा घरून विचारणा झाली, “त्यात शिकायचं काय उरलंय? जेवताना आमटीसुद्धा तुम्ही हात दाखवूनच मागता.”

निमित्त आमच्याच मजल्यावरचं होतं. बोरिवलीच्या आमच्या सोसायटीत एक कर्णबधिर जोडपं राहायला आलं आणि सोसायटीने त्यांचं स्वागत जोरात केलं. जोरात म्हणजे अगदी कानठळ्या बसतील इतक्या जोरात. समोरच्याला ऐकू येत नाही हे कळलं की मुंबईकर आधी आवाज चढवतो. तेवढ्याने भागलं नाही तर हिंदीवर येतो. तेही फुकट गेलं की शेवटचा उपाय म्हणून इंग्रजी काढतो. आमच्या सेक्रेटरींनी पाण्याची टाकी धुण्याची सूचना अशी तीन भाषांत, चढत्या पट्टीत दिली. गल्लीच्या टोकाच्या वाण्यालासुद्धा टाकीची वेळ कळली. कळली नाही ती फक्त ज्यांना सांगायची होती त्यांना. त्या गृहस्थांनी खिशातून मोबाइल काढून पुढे केला आणि ‘टाइप करा’ अशी खूण केली. ती खूण मात्र सेक्रेटरींना पहिल्या फटक्यात समजली.

खुणांवर चालणाऱ्या या मुंबईवर एक अख्खा माहितीपट आहे, २०१५ सालचा. नाव ‘इशारे’. तो केला बेल्जियमच्या मानववंशशास्त्रज्ञ अनेलीस कुस्टर्स यांनी. त्या स्वतः कर्णबधिर आहेत. त्यातली कर्णबधिर माणसं ऐकू येणाऱ्या मुंबईशी कसा व्यवहार करतात, एवढंच त्यात दाखवलंय. एक जण दुकानोदुकानी जाऊन पेनांचा घाऊक माल खपवतो. एक बाई कॅफे सांभाळतात. ज्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही असे एक गृहस्थ बाजारात खरेदी करतात. कुणाचं काही अडत नाही. माहितीपट पाहून वाटतं, दुकानदारीला भाषा लागतच नसावी. भाव, वजन, ‘परवडत नाही’ आणि ‘बरं, घ्या’ एवढ्या चार खुणांवर आपलं कुठलंही मार्केट चालेल.

पण चार खुणांवर शेजार चालत नाही. सासूला सुनेबद्दल, सुनेला सासूबद्दल आणि दोघींना मिळून बिल्डरबद्दल जे म्हणायचं असतं, त्याला व्याकरण लागतं.

वर्ग अंधेरीत, शनिवारी सकाळी. शिकवणारे सर स्वतः कर्णबधिर, आणि वर्गाचा पहिला नियम ‘तोंड बंद’. वर्गात कोण कोण होतं? मुलुंडच्या एक काकू, ज्यांच्या नातवाला जन्मापासून ऐकू येत नाही. बँकेत काउंटरवर बसणारी एक मुलगी. गोरेगावचा एक फिजिओथेरपिस्ट. आणि घाटकोपरचे एक निवृत्त शेअर दलाल. मुंबई शेअर बाजारात १९९५ साली संगणक आला, त्याआधी सौदे रिंगणात उभं राहून, ओरडून आणि हातवारे करून होत. दलालकाकांचे हात त्या रिंगणात तयार झालेले आणि तेव्हापासून बेकार बसलेले. वर्गात आल्यावर त्यांना पुन्हा नोकरी लागली. सरांनी अंक शिकवायला बोटं उंचावली की काकांच्या डोळ्यांत चमक यायची. त्यांनी मनातल्या मनात काही तरी विकत घेतलेलं असायचं.

आम्हा बाकीच्यांच्या गाठीला अनुभव दोनच. एक, सहलीच्या बसमध्ये खेळलेला सिनेमाची नावं ओळखायचा खेळ. दुसरा, रविवारी दुपारी दूरदर्शनवर लागणाऱ्या कर्णबधिरांसाठीच्या बातम्या. आमच्या पिढीने त्या बातम्या निष्ठेने पाहिल्या, कारण टीव्ही बंद करायला उठावं लागत असे. या दोन शिदोऱ्या घेऊन आलेला माणूस भाषा बोलत नाही, नाटक करतो. ‘पाऊस’ दाखवा म्हटल्यावर मुलुंडच्या काकूंनी आधी आभाळाकडे पाहिलं, छत्री उघडली, ती उलटी झाली, साडी वर धरून दोन डबकी ओलांडली आणि शेवटी गच्चीत धावत जाऊन वाळत घातलेले कपडे ओढले. सर शेवटपर्यंत थांबले. मग त्यांनी दोन्ही हातांची बोटं वरून खाली आणली. झाला पाऊस. वर्ग सुटल्यावर काकू म्हणाल्या, “ते ठीक आहे हो, पण मग कपडे कोण काढणार?”

मुळाक्षरांपाशी इतिहास आडवा आला. आपली इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी होतात. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर तर डाव्या हाताच्या पाच बोटांवर ओळीने बसवलेत. ही पद्धत ब्रिटिशांकडून आलेली. अमेरिकेत मात्र एकाच हाताने काम भागतं. म्हणजे अमेरिकन माणूस एका हातात कॉफी धरून दुसऱ्या हाताने स्वतःचं नाव सांगू शकतो, आणि आपल्याला भाजीची पिशवी खाली ठेवल्याशिवाय ओळख करून देता येत नाही. बोरिवलीच्या बाजारात पिशवी खाली ठेवायची तर ओळख करून घ्यायचा माणूसही तेवढ्या तोलाचा हवा.

हे शिकतोय म्हटलं की प्रत्येक जण हमखास विचारतो, “ही भाषा जगभर एकच असेल ना? सोप्पं आहे मग.” जगात तीनशेहून अधिक सांकेतिक भाषा आहेत. ब्रिटिश आणि अमेरिकन माणसं इंग्रजी एकच बोलतात, पण त्यांच्या कर्णबधिरांना एकमेकांची भाषा कळत नाही. जगाचं सोडा, आपल्याच देशात शहरागणिक खुणा बदलतात. मदन वसिष्ठ हे स्वतः कर्णबधिर असलेले अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी दिल्ली, कोलकाता, मुंबई आणि बंगळूरच्या खुणांचे वेगवेगळे संग्रह केले. मुंबईची बोली हातांतही वेगळी निघाली, याचा अभिमान वाटून घ्यायला हरकत नाही. आपण तो वडापावाबद्दलही वाटून घेतोच.

वाक्याचा क्रम मात्र मराठी माणसाला घरचा वाटतो. क्रियापद बहुधा शेवटी, प्रश्न अगदी शेवटी. ‘नाव तुझं काय?’ आणि प्रश्नार्थक शब्दांची काटकसर तर अशी की वाण्याचा हिशेब लिहिणाऱ्या आमच्या आजीला आवडली असती. एकच ‘काय’ घ्यायचा आणि त्याच्यामागे हवं ते जोडायचं. ‘चेहरा काय’ म्हणजे कोण, ‘जागा काय’ म्हणजे कुठे, ‘वेळ काय’ म्हणजे केव्हा. उरलेलं काम चेहरा करतो. भुवया वर गेल्या तर ‘तू चहा घेणार?’, गेल्या नाहीत तर ‘तू चहा घेणार’. म्हणजे समोरच्याला विचारलंय की हुकूम सोडलाय, हे सगळं त्या दोन भुवयांवर.

इथे वर्गाची उभी फाळणी झाली. बायका भराभर पुढे गेल्या. मुलुंडच्या काकूंनी पाहुण्यांसमोर एक शब्द न उच्चारता नवऱ्याला ‘तिसरा लाडू नको’ हे सांगण्यात उभा संसार काढलेला. त्यांना भुवयांचं व्याकरण शिकवणं म्हणजे आंगणेवाडीच्या माणसाला जत्रेची वाट दाखवणं. पंचाईत पुरुषांची. उपनगरी पुरुषाचा चेहरा सकाळी सव्वाआठच्या लोकलमध्ये बंद होतो तो रात्री ताटावर उघडतो, आणि तोही आमटीत मीठ कमी असेल तरच. सर आमच्या गालांकडे, कपाळाकडे बोट दाखवून दाखवून दमले. ‘आई वारली’ आणि ‘पगार झाला’ ही दोन्ही वाक्यं दलालकाका एकाच चेहऱ्याने करायचे. बाजारात चेहरा दाखवला की भाव वाढतो, हे त्यांचं समर्थन.

चेहरा हळूहळू हलायला लागतो. नजर मात्र हलता कामा नये, आणि आमची तीच एका जागी ठरत नाही. समोरच्याचं नाक आपल्या नाकापासून चार बोटांवर असताना अंधेरी ते बोरिवली त्याच्याकडे न बघणं ही या शहराची मोठी सामाजिक कमाई आहे. आम्ही पंख्याकडे बघतो, ‘एका दिवसात मूळव्याधीपासून सुटका’ पुन्हा वाचतो, खिडकीतल्या स्वतःच्या प्रतिबिंबाकडे बघतो. माणसाकडे बघत नाही. बघितलं तर तो सीट मागेल. सांकेतिक भाषेत नजर हटली की वाक्य गेलं. मोबाइलवर डोळे ठेवून ‘हं, हं, ऐकतोय’ असं म्हणायची सोयच नाही. पेपराच्या आडून संसार करता येत नाही. त्यामुळे ही भाषा लग्न नोंदवतानाच सक्तीची करावी, असं काकूंचं मत आहे. दलालकाकांच्या मते तसं केलं तर लग्नंच नोंदवली जाणार नाहीत.

सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे मुंबईच्या कर्णबधिरांना ही भाषा शाळेने शिकवलीच नाही. १८८० साली इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली आणि तिथे ठराव झाला की मुलांना खुणा शिकवायच्या नाहीत, उच्चारच शिकवायचे. त्याच दशकात माझगावला देशातली पहिली कर्णबधिर शाळा निघाली. मिलानचं ते वारं पुढची शंभर वर्षं जगभरच्या आणि आपल्याकडच्याही बहुतेक शाळांत घुमत राहिलं. ओठ वाचा, घशावर हात ठेवून ‘प’ म्हणा, पण हात हलवू नका. मुलांनी मग मुलं करतात तेच केलं. वर्गात ‘प’ म्हणाली आणि मधल्या सुट्टीत हातांनी मास्तरांची नक्कल केली.

शाळा सुटल्यावर भाषेचं काय व्हायचं? तिला रेल्वेने सांभाळलं. कुस्टर्सबाईंनी २००९ साली या विषयावर एक शोधनिबंध लिहिला, मुंबईच्या लाइफलाइनवरच्या कर्णबधिरांबद्दल. लोकलमधले अपंगांसाठीचे डबे हे या लोकांचे गप्पांचे अड्डे कसे झाले, ते त्यात आहे. कुणी डोंबिवलीला राहतो, कुणी मालाडला, घरात सगळे ऐकू येणारे आणि बोलण्यात रस नसलेले. दिवसभरात आपल्या भाषेतला माणूस भेटतो तो त्या डब्यात. कुठली नोकरी निघाली, कुणाचं लग्न जमलं, सवलतीचा पास कसा काढायचा, हे सगळं ज्ञान चर्चगेट ते विरार असं वाटलं जातं. रेल्वेने विद्यापीठ काढायचं ठरवलं असतं तर आधी समिती नेमली गेली असती. न ठरवल्यामुळे ते चालू झालं.

त्या डब्यात कर्करोगाचे रुग्ण असतात, गरोदर बायका असतात, काठीवाले, कुबडीवाले असतात. कर्णबधिराकडे दाखवायला काठी नाही की कुबडी नाही. त्यामुळे धडधाकट दिसणारा तरुण चढला की कोपऱ्यातून कोणीतरी खेकसतं, “ए, हँडिकॅपचा डबा आहे, उतर!” तो ढिम्म हलत नाही. त्याच्याजवळ सर्टिफिकेट असतंच, पण इतक्या जोरात ओरडूनही वळून बघितलं नाही, याहून मोठा पुरावा कुठलं हॉस्पिटल देणार?

या मंडळींना बघायचं असेल तर संध्याकाळी अंधेरीच्या पुलावर उभं राहावं. एक जण या प्लॅटफॉर्मवर, दुसरा तिकडे तिसऱ्या प्लॅटफॉर्मवर, मध्ये रुळांच्या जोड्या, आणि निवांत संभाषण चाललेलं. मधून विरार फास्ट धडधडत गेली की तो फक्त स्वल्पविराम. गाडी सरली की वाक्य तिथूनच पुढे. आपण हेच करायला जावं तर समोरच्यापर्यंत पोचतं ते ‘पुढील स्टेशन’ आणि ‘कृपया लक्ष द्या’. गाडीच्या खिडकीतून प्लॅटफॉर्मवरच्या माणसाला निरोप देऊन झाल्यावर आपण पाच सेकंद हसरा चेहरा धरून ठेवतो, कारण काच बंद असते आणि बोलणं संपलेलं असतं. यांचं काचेतूनही चालू राहतं. गेल्या विसर्जनाला आमच्या रस्त्यावर डीजेच्या भिंतीसमोर आमच्या मजल्यावरचं जोडपं घरगुती विषयावर सविस्तर बोलत उभं होतं, आणि सेक्रेटरी शेजारीच उभ्या असलेल्या खजिनदारांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप करत होते.

आता सरकारनेही हातांकडे बघायला सुरुवात केली आहे. दिव्यांगांच्या हक्कांचा २०१६ सालचा कायदा ‘संवाद’ म्हणताना त्यात सांकेतिक भाषाही धरतो. दिल्लीला २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचं संशोधन केंद्र निघालं. त्याच्या शब्दकोशात २०१८ साली ३,००० शब्द होते, २०२१ साली १०,००० झाले, शेती आणि कायद्याच्या शब्दांसकट. आपल्या वांद्रे रेक्लमेशनला तर १९८३ पासून राष्ट्रीय संस्थाच आहे आणि तिथे या भाषेचे रीतसर अभ्यासक्रम चालतात. तिचं नाव अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था. हे नाव दोन्ही हातांनी, एकेक अक्षर करून, वांद्र्याला सांगायला घेतलं तर अंधेरी नक्की येते. पवईत २०१५ साली ‘मिर्ची अँड माइम’ नावाचं रेस्टॉरंट निघालं. तिथे वाढणारे कर्णबधिर, आणि मेनूकार्डात पदार्थाशेजारी त्याची खूण. ‘शुक शुक’ करून वेटर बोलावणाऱ्या आपल्या जमातीला तिथे मान वर करून माणसाची नजर येईपर्यंत थांबावं लागे. भूक लागली की मुंबईकर काहीही शिकतो.

वर्गात बोटांनी अख्खं नाव फार दिवस कोणी सांगत बसत नाही. प्रत्येकाला एक साइन नेम मिळतं, आणि ते स्वतः ठेवायचं नसतं. कर्णबधिर माणसं ठेवतात. तिथे भीडभाड नाही. टक्कल असेल तर टक्कल, तीळ असेल तर तीळ, पोट असेल तर पोट, आणि तेही आकारमानासकट. चार महिन्यांनी भेटलेला कर्णबधिर मित्र ‘जाड झालास’ हे आधी सांगतो आणि ‘कसा आहेस’ नंतर विचारतो. मराठी लग्नात मावश्या हेच करतात, त्यामुळे आम्हाला परकं वाटलं नाही. काकूंना मोठं कुंकू मिळालं. दलालकाकांना हवेत उंचावलेला पंजा मिळाला, ते कृतकृत्य झाले. मला सरांनी मनगटाकडे वाकून बघणारा माणूस केलं. मी दर थोड्या वेळाने घड्याळ बघतो म्हणे. उपनगरात हे अर्ध्या लोकसंख्येचं नाव होऊ शकतं. आमच्या सेक्रेटरींचं नाव तर त्या जोडप्याने राहायला आल्या आठवड्यातच ठेवून टाकलं होतं: पूर्ण उघडलेला जबडा.

आता प्रश्न उरतो की शिकून हाती काय लागतं. मौनात काही तरी थोर तत्त्वज्ञान चाललं असेल अशी आम्हा ऐकणाऱ्यांची, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘हियरिंग’ लोकांची, एक भाबडी समजूत असते. मलाही ते समजून घ्यायची उत्सुकता होती. थोडीफार भाषा डोळ्यांत उतरल्यावर अंधेरीच्या प्लॅटफॉर्मवर शेजारच्या दोघांचं बोलणं दिसायला लागलं. विषय होता रिडेव्हलपमेंट. बिल्डरने भाडं थकवलंय. कार्पेट एरिया कागदावर एक आणि नकाशात दुसरा. कॉर्पसचं विचारलं तर फोन, म्हणजे व्हिडिओ कॉल, उचलत नाही.

अशा विषयात न मागता मत देणं हा मुंबईकराचा जन्मसिद्ध हक्क आहे. मी पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी विचारलं, ‘बिल्डर, चेहरा काय?’ भुवयांसकट. दोघांनी आधी माझ्याकडे, मग एकमेकांकडे पाहिलं आणि मला गप्पांत घेतलं. तीन गाड्या गेल्या. ‘हा हियरिंग आहे, पण याच्याही सोसायटीचं अडकलंय’ अशी माझी ओळख चौथ्याशी करून दिली गेली, आणि त्याने सहानुभूतीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. या सगळ्या प्रकरणात कीव केली गेली ती एवढीच, आणि ती माझी.

बिल्डरचं साइन नेमही त्यांनी दाखवलं. ते इतकं अचूक आणि इतकं अब्रुनुकसानीचं आहे की त्याचं नाव-गाव, सगळे प्रकल्प आणि अर्धवट राहिलेला पार्किंगचा मजला एका हालचालीत आला. ते इथे छापलं असतं, कोर्टालाही तोंड दिलं असतं. पण ते लिहिताच येत नाही. बघायचं असेल तर संध्याकाळी साडेसातनंतर अंधेरीच्या पुलावर या. हात रिकामे ठेवा, आणि येताना तुमच्या बिल्डरचंही एक घेऊन या.